बिनकमानीची जीप

नत्थूजी मिस्त्रींच्या दुकानात लोक गाडीखालच्या कमानी बसवायला येत. त्या काढून टाका म्हणून सांगणारा पहिला माणूस दौलतराव इखार.

साल एक्याऐंशी. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. देवळीच्या बसस्टँडवरून पुलगावकडे निघालं की डाव्या हाताला नत्थूजींचं टिनाचं दुकान लागे. ट्रक, टेम्पो, जीप, कशाचीही कमान थकली की तिचे पाटे सुटे करायचे, भट्टीत लाल करायचे, घणाखाली पुन्हा बाक द्यायचा, तेलात विझवायचे आणि पाट्यावर पाटा रचून गाडीखाली बांधायचे, हे काम ते तीस वर्षं करत आले होते. नत्थूजींच्या हातची कमान लवकर दबून बसत नाही, असं ड्रायव्हर लोक एकमेकांना सांगत.

दौलतराव पुलगावच्या लष्करी डेपोत मोटार विभागात फिटर होते. वर्षापूर्वीच रिटायर झाले होते. लढाईच्या काळातली एक जीप त्यांनी लिलावात घेतली होती आणि चार वर्षं सुटीच्या दिवशी खपून चालती केली होती. तिच्या कमानी नत्थूजींनीच भरून दिल्या होत्या.

"या चारी कमानी काढाच्या हायेत," दौलतराव म्हणाले.

नत्थूजींनी वाकून जीपखाली पाहिलं. "काऊन? बसली का एखादी?"

"नाई. चांगल्या हायेत."

"मंग?"

"कमानच नको. चारी चाकांवर गोल स्प्रिंगा बसवू. फियाटच्या पुढं असते तशी."

नत्थूजींना आधी ती थट्टा वाटली. पण दौलतरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. डेपोत असताना एकदा एका साहेबाची परदेशी गाडी कामाला आली होती. दिसायला जीपच, पण खाली एकही पाटा नाही. चार गोल स्प्रिंगा आणि हातभर लांबीच्या दांड्या. दौलतराव त्या गाडीखाली अर्धा तास आडवे पडून होते आणि एका छापील फॉर्मच्या पाठीमागे त्यांनी जे दिसलं ते उतरवून घेतलं होतं.

नत्थूजींनी कागद उजेडात धरला. "दौलतराव, तुम्ही फिटर मानूस. तुमाले का सांगाचं? कमान दोन कामं करते. वजन तोलते, आन् एक्सलले जाग्यावर धरून ठेवते. ही गोल स्प्रिंग नुसतं वजन तोलन. एक्सलले कोन धरन? गेअर टाकला का तो पुढं पळन, ब्रेक मारला का मांगं पळन."

"त्याच्यासाठीच या दांड्या. हे पाहा. एक टोक चासीले, एक टोक एक्सलले. दोन खाली, एक वर. ट्रॅक्टरच्या मांगं नांगर धरते ना, तशा. एक्सल खालवर होईन, पन मांगंपुढं नाई जानार."

नत्थूजी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग त्यांनी घडी घालून तो परत दिला. "होत असन बाहेरच्या देशात. माह्या हातून नाई होनार. कमानीत काई खोट असन तं सांगा, मी पुन्हा भरून देतो."

"खोट नाई हो तिच्यात." दौलतराव जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "कडक हाये. घरच्या मान्साले सोसत नाई."

एवढं बोलून ते जीप घेऊन निघून गेले. घरच्या माणसाचं म्हणजे काय, ते नत्थूजींना माहीत होतं. सगळ्या देवळीला माहीत होतं.

दौलतरावांच्या पत्नी मंदाबाई बोरखेडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका होत्या. बोरखेडी देवळीपासून सात मैल. तीन मैल एस.टी.चा रस्ता, फाट्यापासून पुढे चार मैल काळ्या मातीची गाडीवाट आणि मध्ये एक नाला. अकरा वर्षं त्या फाट्यापासून पायी गेल्या. दौलतराव रिटायर झाले तेव्हापासून जीपनं जाऊ लागल्या. पावसाळ्यात त्या वाटेवर दुसरं कुठलंच वाहन चालत नसे. जीप मात्र चारही चाकांनी चिखल उपसत निघून जाई. त्या वर्षीच्या श्रावणात जीप नाल्यात जोरात आपटली आणि मंदाबाईंच्या पाठीच्या मणक्यातली चकती सरकली. दीड महिना त्या लाकडी फळीवर पडून होत्या. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि सांगितलं, चाला, उभ्या राहा, पण हादरा बसू देऊ नका. एकदा त्या एस.टी.नं फाट्यापर्यंत जाऊन आल्या, तर पुढचे दोन दिवस उठता आलं नाही.

रजा संपत आली होती. ऑफिसातून पत्र आलं होतं: एक जानेवारीला हजर व्हा, नाहीतर तब्येतीच्या कारणावरून निवृत्तीचा अर्ज द्या. देवळीत बदली मागितली असती तर कदाचित मिळालीही असती. पण मंदाबाईंच्या आधी बोरखेडीची ती जागा दोन वर्षं रिकामी होती. त्या दोन वर्षांत अर्धी मुलं गुरांमागे गेली ती परत आलीच नाहीत. हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्या बदलीचा विषय काढत नव्हत्या.

नाल्यात जीप कशी आपटली, हे मात्र देवळीत कुणाला नीट माहीत नव्हतं. गाडी दौलतराव चालवत होते, एवढंच. घरात नवराबायकोही त्यावर कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नत्थूजी सायकलवरून दौलतरावांच्या घरी आले. दौलतरावांचा एक पाना दुकानात राहून गेला होता. तो द्यायला आलो, असं म्हणाले. दौलतराव बाहेर गेले होते. मंदाबाई ओसरीवर ज्वारीच्या कोठीशी उभ्या होत्या. छातीएवढ्या उंच त्या पत्र्याच्या कोठीवर वह्यांचा गठ्ठा ठेवून त्या तपासत होत्या. शाळेतले दुसरे मास्तर एकटेच चार वर्ग सांभाळत होते; ते दूधवाल्याच्या हातून वह्या पाठवायचे.

"बसा, नत्थूजी," त्या म्हणाल्या. "मी उभीच बरी. बसलं का कंबर धरते."

त्यांनी चहा केला. परत वहीकडे वळताना त्यांच्या हातातली लाल पेन्सिल खाली पडली. नत्थूजी उठेपर्यंत मंदाबाईंनी कोठीचा काठ धरला, पाठ ताठ ठेवून गुडघ्यात हळूहळू खाली गेल्या, पेन्सिल उचलली आणि तशाच वर आल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, पण वर आल्यावर थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. नत्थूजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, दौलतराव जे कागद काढून बसले हायेत, त्याच्यावर तुमचा भरोसा हाये का?"

"मले मोटारीतलं काई समजत नाई," मंदाबाई म्हणाल्या. "पन येवढं समजते, मी घरी बसून राह्यली तं बिमारच राहीन."

नत्थूजींनी पाना ओसरीच्या कठड्यावर ठेवला. सायकलवर टांग टाकताना ते म्हणाले, "त्याईले सांगजा, उद्या जीप घेऊन या म्हना. आधी मांगचा एक्सल खोलू. जमलं तं पुढचा."

काम सुरू झालं. नत्थूजींनी आपल्याच हातानं बसवलेल्या मागच्या कमानी सोडवल्या, प्रत्येकीवर खडूनं खूण केली आणि ताडपत्रीत बांधून दुकानाच्या कोपऱ्यात ठेवल्या. हिंगणघाटच्या एका कबाड्याकडे जळालेला ट्रॅक्टर पडला होता. त्याच्या मागच्या दांड्या दौलतराव घेऊन आले. दांड्यांच्या टोकाला गोल गोळा होता, तो आपल्या खोबणीत सगळीकडे फिरे. एक्सल कितीही वाकडातिकडा झाला तरी दांडी अडणार नव्हती. नागपूरच्या जुन्या बाजारातून एका फियाटच्या स्प्रिंगा आल्या. त्यांना बसायला लोखंडाच्या वाट्या वेल्डिंग करून एक्सलवर आणि चासीखाली लावल्या. दौलतराव मोजत, नत्थूजी ठोकत. दोघांचं फारसं बोलणं होत नसे. नत्थूजी मधूनच मान हलवून म्हणत, "बिनकमानीची जीप!" आणि पुन्हा घण उचलत.

तीन आठवड्यांनी जीप रस्त्यावर निघाली. नेमका बाजाराचा दिवस होता. सरळ रस्त्यावर ती कोकरासारखी उड्या मारत गेली, कारण फियाटच्या स्प्रिंगा तिला फार कडक होत्या. बसस्टँडच्या वळणावर त्याहून वाईट झालं. चाकं वळली, पण जीपची मागची बाजू एका अंगाला सरकली, मग दुसऱ्या अंगाला. टायर मडगार्डला घासला, रबर जळाल्याचा वास सुटला. दौलतरावांनी कशीबशी गाडी थांबवली. बाजाराला आलेली माणसं गोळा झाली.

"दौलतराव," पानठेलेवाला चिंधू ओरडला, "जीप चालून राह्यली का नाचून राह्यली?"

सगळे हसले. दौलतरावही थोडं हसले. माणसं लावून त्यांनी जीप ढकलत नत्थूजींच्या दुकानापर्यंत नेली आणि पायीच घरी गेले.

दिवेलागणीची वेळ होती. मंदाबाई चुलीजवळ उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या. दौलतराव दारातच बसले. हातपायही धुतले नाहीत.

"नाई जमलं," ते म्हणाले.

"मंग राहू द्या."

"राहू कसं देऊ? पहिल्या तारखेले तुले हजर व्हाचं हाये."

"मले व्हाचं हाये. तुम्ही काऊन जिवाचं रान करून राह्यले?"

मंदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. मुलांना गणित समजावून सांगताना बोलत, तशाच त्या बोलत होत्या.

"तीन महिने झाले. तुम्ही माह्यं औषध आनता, पट्टा आवळून देता, रात्री उठून पानी देता. आता जीप खोलून बसले. पन त्या दिवशीचं एक अक्षर तुमच्या तोंडून नाई निघालं. मले नवी जीप नाई पाह्यजे. मले ते पाह्यजे."

दौलतराव खाली मान घालून हाताला लागलेलं ग्रीस अंगठ्यानं पुसत राहिले. मंदाबाई वाट पाहत तशाच उभ्या होत्या.

"शाळेतले पोट्टे नाल्याच्या त्या काठावर उभे होते," शेवटी ते म्हणाले. "हात हालवून राह्यले होते. मले वाटलं, त्याईले दाखवाव, जीप कशी पानी कापत निघते. तू म्हटलं, हळू."

"दोनदा म्हटलं."

"दोनदा म्हटलं. मले आयकू आलं. आयकून पाय दाबला." त्यांनी वर पाहिलं. "चुकलं माह्यं, मंदा. लय चुकलं."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. दौलतराव बायकोला 'अवं' म्हणून हाक मारत. नावानं त्यांनी कधी हाक मारलेली मंदाबाईंना आठवत नव्हती. त्यांनी पदरानं डोळे टिपले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा बदलला.

"पोट्ट्याईनं टाळ्या वाजवल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मी सीटवरून खाली आली, तरी वाजवतच होते. त्याईले वाटलं, हाही खेळच हाये."

आणि त्या हसल्या. हसताना कंबरेत कळ आली, तेव्हा एका हातानं भिंत धरली, तरी हसणं थांबेना. दौलतराव धावत उठले आणि त्यांनी मंदाबाईंना आधार दिला. ग्रीसची पाच बोटं लुगड्यावर उमटली.

"आता सांगा," मंदाबाई म्हणाल्या, "का बिघडलं जीपचं?"

भात शिजेपर्यंत दौलतराव सांगत राहिले. त्यातलं अर्धं मंदाबाईंना समजलं नाही, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

सकाळी दौलतराव दुकानात पोचले तेव्हा नत्थूजी जीपखाली उताणे पडलेले होते. चिंधूला त्यांनी पानठेला सोडून कामाला लावलं होतं. "ढकल," नत्थूजी खालून म्हणत, आणि चिंधू बाजूनं जीपला रेटा देई. "पुन्हा ढकल. काल हसाले जोर होता ना तुह्यात? ढकल!"

मग ते बाहेर आले आणि मातीतच बसले.

"दौलतराव, मी तुमाले चूक सांगतलं. कमान दोन कामं नाई करत, तीन करते. वजन तोलते, मांगंपुढं धरते, आन् आडवंही धरते. पाटा रुंद असते, दोन्हीकडून पक्का बांधलेला असते, म्हनून गाडी बाजूले सरकत नाई. आपन मांगंपुढं धरलं. आडवं कोनीच धरलं नाई." त्यांनी कपाळाला लागलेली माती पुसली. "तीस वर्षं कमानी ठोकल्या मी. ती काढून टाकली, तवा समजलं ती का करत होती."

दौलतराव त्यांच्याजवळ उकिडवे बसले. उपाय दोघांनाही एकदमच दिसला. आणखी एक दांडी हवी, आडवी. तिचं एक टोक चासीला डाव्या बाजूनं, दुसरं एक्सलला उजव्या बाजूनं. मांडवाचा खांब हलू नये म्हणून तिरपा ताणा देतात, तसं.

"आन् फियाटची स्प्रिंग फेका," नत्थूजी म्हणाले. "ती फियाटसाठी केलेली. जीपसाठी आपन करू."

"तुम्ही कराल?"

"केली नाई कधी येवढी मोठी. पन पोलादच हाये ना? पाटा असो का सळई, विस्तवाले काय फरक पडते?"

सळई जाड तर स्प्रिंग कडक, वेढे जास्त तर मऊ, एवढं नत्थूजींना पक्कं ठाऊक होतं. दौलतरावांनी जीपच्या वजनाचा हिशेब मांडून दिला. अर्धा इंच जाडीच्या, अकरा फूट लांब स्प्रिंग-पोलादाच्या सळया नागपूरहून आल्या. एवढी लांब सळई दुकानातल्या भट्टीत मावेना, म्हणून दुकानासमोर विटांचा लांबट चर बांधला, त्यात दगडी कोळसा भरला आणि दोन्हीकडून भाते लावले. शेजारी दोन खुंटांवर एक जाड पाईप आडवा बसवून त्याला विहिरीच्या रहाटासारखा दांडा जोडला. सळई पिवळसर लाल झाली की तिचं टोक पाईपच्या खाचेत अडकवायचं, दौलतराव आणि चिंधूनं दांडा फिरवायचा आणि नत्थूजींनी सांडशीनं सळईला वाट दाखवत एकेक वेढा सारख्या अंतरावर घ्यायचा. सगळं होईपर्यंत सळई थंड व्हायला नको. शेवटी तापलेली स्प्रिंग पाईपवरून काढून अर्ध्या कापलेल्या ड्रममधल्या जवसाच्या तेलात सोडायची.

पहिली स्प्रिंग तेलात गेली आणि आतून टिच् असा बारीक आवाज आला. बाहेर काढली तर तिसऱ्या वेढ्यावर तडा. नत्थूजींनी ती बाजूला ठेवली. "तेल थंड होतं," ते म्हणाले आणि तेल जरा कोमट करून घेतलं. दुसरी तिरपी झाली. तिसरी मात्र सरळ उतरली. नत्थूजींनी ती पुन्हा मंद विस्तवावर धरली, रंग निळसर होईपर्यंत थांबले, मग ऐरणीवर उभी करून दोन्ही तळव्यांनी छातीचा भार देऊन दाबली. ती खाली गेली आणि तितक्याच सावकाश त्यांना वर घेऊन आली. पुढची सळई चरात ठेवताना ते गुणगुणत होते. दौलतरावांनी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं. चार चांगल्या स्प्रिंगांसाठी एकूण सहा सळया गेल्या.

डिसेंबर लागला. चारही चाकांचं काम झालं, आणि तपासणीचं काम मंदाबाईंनी स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी त्या पट्टा आवळून, पाठीशी उशी घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. मागे नत्थूजी. जीप माणसाच्या चालीनं फाट्याच्या दिशेनं निघाली. मंदाबाईंच्या मांडीवर जुनी वही होती. परत आल्यावर त्यांनी सांगितलं, "बारीक खड्ड्याईचं समजतच नाई आता. पन मोठ्या खड्ड्यात गेली का नाक खाली घालते, आन् मंग दोनतीनदा हालतच राह्यते. दहापैकी चार."

"चार?" नत्थूजी म्हणाले. "वहिनी, पास तं करा गरिबाले."

"पस्तीस टक्क्यांले पास असते. पास केली म्या."

दौलतरावांनी हेलकावे आवरणारे शॉकअप बदलले. दुसऱ्या फेरीत जीपला सहा मिळाले. तिसऱ्या फेरीत मंदाबाईंनी फाट्यापुढच्या गाडीवाटेवर जायला सांगितलं. तूर उभी होती, कपाशी वेचायला आलेल्या बाया शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून पाहू लागल्या. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. जीप त्यातून चालली.

नाला आला. पाणी घोट्याएवढंच राहिलं होतं. गोटे उघडे पडले होते. दौलतरावांनी काठावरच जीप उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"उतरून पायी जाते का?" त्यांनी विचारलं. "पलीकडं घेतो तुले."

मंदाबाईंनी पलीकडचा काठ पाहिला. "काऊन? चला न."

दौलतरावांनी पहिला गेअर टाकला. नत्थूजी मागून उतरले आणि जीपबरोबर वाकून चालू लागले, कारण त्यांना खालचं पाहायचं होतं. पुढचं डावं चाक एका गोट्यावर चढलं, मागचं उजवं खड्ड्यात उतरलं. जुन्या कमानींवर अशा वेळी सगळी जीपच तिरपी होऊन एका बाजूला कोसळल्यासारखी आपटे. आता एक स्प्रिंग दबली, दुसरी सुटली, दांड्या आपल्या गोळ्यांवर फिरल्या आणि एक्सल पुढून एका बाजूला, मागून दुसऱ्या बाजूला तिरपे झाले. वरचा सांगाडा जेमतेम कलला आणि पुन्हा सरळ आला. पाण्यात उभे राहून नत्थूजी पाहत होते. त्यांच्या वहाणा भिजल्या होत्या.

"कशी चालते पाहा," ते कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाले. "म्हशीच्या पाठीवर बसल्यावानी."

पलीकडे चढल्यावर मंदाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "आठ."

"दोन काऊन कापले?" दौलतरावांनी विचारलं.

"मोटारीले पैकीच्या पैकी देऊ नये. डोक्यावर बसते."

एक जानेवारीला त्या हजर झाल्या. मास्तरांनी त्यांच्यासाठी टेबलावर लाकडी खोका ठेवून उभ्यानं लिहायची सोय करून ठेवली होती. त्यांना बरं वाटलं, पण दुपारपर्यंत त्यांनी तो खोका काढून कोपऱ्यात ठेवला आणि मुलांच्या रांगांमधून फिरत शिकवायला लागल्या.

पाठ पूर्ण बरी झाली नाही. पावसाळ्यात दुखायची, पट्टा तर शेवटपर्यंत सुटला नाही. पण अठ्ठ्याऐंशी साली निवृत्त होईपर्यंत त्या बोरखेडीलाच जात राहिल्या. नत्थूजींकडे मधल्या काळात बरेच लोक आले, आमचीही गाडी अशी करून द्या म्हणून. ते बहुतेकांना परत पाठवत. "वजन वाहाचं असन तं कमानच लागते," असं सांगत आणि त्यांना कमानच भरून देत. एकदा फक्त वडनेरचा एक भाजीवाला आला. त्याची टमाटी बाजाराला पोचेपर्यंत फुटून जात. त्याची जीप मात्र नत्थूजींनी महिनाभर दुकानात ठेवून घेतली.

दौलतरावांना कुणी या जीपबद्दल विचारलं की ते दांड्या आणि स्प्रिंगांबद्दल भरपूर बोलत. नंतर मात्र बोलण्याची गाडी जानेवारीतल्या एका संध्याकाळवर येई. शाळा सुटून ते दोघं परत येत होते. दिवसभर चौथीची चाचणी होती, मंदाबाई थकल्या होत्या. गाडीवाटेवर त्या मुलांबद्दल काहीतरी सांगत होत्या. नाला ओलांडला आणि त्यांचं बोलणं थांबलं. दौलतरावांनी वळून पाहिलं तर त्या झोपल्या होत्या. डोकं सीटच्या पाठीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं, मांडीवरचे पेपर हातात घट्ट धरलेले.

फाट्यावर डांबरी रस्ता लागला तरी दौलतरावांनी वेग वाढवला नाही. मागून एक एस.टी. हॉर्न वाजवत आली; तिला त्यांनी हातानं पुढे जायची खूण केली. देवळीत शिरल्यावर बसस्टँडच्या गर्दीतून जायच्या ऐवजी मागच्या गल्लीनं गेले. घरासमोर जीप उभी केली, पण इंजिन बंद केलं तर जाग येईल म्हणून ते तसंच चालू ठेवून बसून राहिले. ऊन उतरलं होतं, हवेत गारवा होता. शेजारच्या घरात कुणीतरी पाणी भरत होतं.

बऱ्याच वेळानं मंदाबाईंनी डोळे उघडले. आधी घराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे का? घर आलं तरी काऊन नाई उठवलं?"

"म्हटलं, झोपू द्याव."

"आन् पेट्रोल जाळत बसले." त्या पेपर सावरत हळूच खाली उतरल्या. "चला, बंद करा आता. भाकरी टाकाच्या हायेत मले."